त्रेचाळिसावा फटका

पोर्ट हॅनेस, मिशिगन
बुधवार, २६ मार्च

प्रिय नीलो,

इकडचं ठीक आहे. तू वेळेवर जेवतोस आणि दुखणंखुपणं काही नाही, एवढं आईकडून कळतं, म्हणून तिकडचंही ठीक असं धरते.

काल सकाळपर्यंत या हिवाळ्याचा बर्फ २६१ इंच झाला. काउंटीने बाबांना बर्फ काढायची नवी गाडी दिली आहे. तिच्यात बसायची जागा गरम होते. बाबांना ते आवडलेलं नाही. म्हणतात, माणूस पेंगतो. आईचा गुडघा बरा आहे. पिप्पा म्हातारी झाली, पण टपालवाल्यावर अजून भुंकते.

तू आईला फोनवर विचारलंस, ‘हेल्मी काय म्हणते?’ आईने ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर स्वतः विचारलं, ‘मग? काय म्हणतेस?’ मी म्हटलं, त्याला लिहून कळवते. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मला ताप आहे. आपल्या घरात वाणसामानाच्या यादीपलीकडे कुणी काही लिहीत नाही, हे मलाही माहीत आहे.

प्रश्न काय आहे ते आधी मांडते, म्हणजे घोळ होणार नाही. तुमच्या बेल्डन कॉलेजचा कोच सोडून गेला, तू कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव घातलंस, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कोच ड्वायरनी तुला फोन केला. घरी ये, दोन वर्षं आमचा गोलकीपर हो. तू रविवारपर्यंत मुदत मागितलीस. मी इथल्या कॉलेजच्या आइस हॉकी संघाची व्हिडिओ विश्लेषक आहे, आणि तुझी बहीण. तेव्हा माझं मत विचारणं रास्त आहे.

मत देण्याआधी मला २१ फेब्रुवारीबद्दल लिहायचं आहे. तू बेल्डनकडून इथे आमच्याविरुद्ध खेळलास त्या सामन्याबद्दल आपण अजून बोललेलो नाही. तू खाली बर्फावर होतास आणि मी छताखाली टांगलेल्या खोलीत. मी जे पाहिलं ते तुझ्या जागेवरून दिसलं नसणार.

त्या खोलीत दोन कॅमेरे, दोन पडदे आणि एक खुर्ची आहे. गोलाकडे गेलेल्या प्रत्येक फटक्याला मी एक कळ दाबते. कुठून आला, कुठे गेला, अडवला, आत गेला की बाहेर. चार हंगामांत साधारण अकरा हजार फटके मी असे नोंदले आहेत. त्यामुळे मी सहसा सामना बघत नाही. मी काळी चकती बघते.

त्या संध्याकाळी मी सामना बघितला.

सातला पाच मिनिटं कमी असताना दिवे गेले. तुला ठाऊक आहे काय होतं ते. विद्यार्थ्यांच्या बाजूची अकराशे हेल्मेटं, त्यांच्यावरचे खाणीतले दिवे, सगळे एका वेळी लागतात. पण तू ते लहानपणी आतून पाहिलं आहेस, त्या हेल्मेटांपैकी एक होऊन. वरून ते वेगळं असतं. वरून वाटतं की डोंगराची एक कडा जागी झाली आणि तिने डोळे उघडले. आपला संघ, आपले मायनर्स, खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आले तेव्हा ते सगळे डोळे त्यांच्यावर गेले. इतक्या दिशांनी उजेड आला की खेळाडूंना सावलीच पडत नव्हती. मी अभियांत्रिकी शिकले आहे, हे का होतं ते मला माहीत आहे. तरी अंगावर काटा आला.

मग दिवे लागले आणि पाहुण्यांची नावं सुरू झाली. विद्यार्थ्यांनी रीतीप्रमाणे वर्तमानपत्रं उघडली आणि वाचत बसले. प्रत्येक नावानंतर पानाआडून एकच ओरड: ‘कोण तो?’ सहा नावं झाली. सातवं तुझं होतं.

‘कोण तो?’ आलं नाही. वर्तमानपत्रं मिटली. ते सगळे उठले आणि तुझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आधी विद्यार्थी, मग समोरची बाजू, मग टोकाकडची. कुणी इशारा केल्याचं मला दिसलं नाही. माझ्या पडद्याच्या कडेला आवाजाची हिरवी पट्टी असते. ती तळाला गेली. चार हजार एकशे माणसं आत होती आणि मला जमिनीखालच्या, बर्फ गोठवणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. त्या इमारतीत मी दहा वर्षं जाते-येते. ती घरघर सामन्याच्या वेळी मी कधीच ऐकली नव्हती.

बाबाही वळले होते. बारावी रांग, नेहमीची जागा. तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही. पाहिलं असशील असं वाटतं.

सहाव्या मिनिटाला गोल झाला. उजव्या खांद्यावरून, वरच्या कोपऱ्यात. आवाजाची पट्टी लाल झाली आणि लालच राहिली. ‘एक!’ मग चार हजार बोटं तुझ्याकडे. ‘चाळण! चाळण! चाळण! सगळी चूक तुझी! सगळी चूक तुझी!’

ते प्रत्येक गोलकीपरला म्हणतात. तू आणि मीही म्हटलं आहे, तोंडात खिमा भरलेल्या पेस्टीचा घास असताना, बोट रोखून. त्या बोटांना विशेष अर्थ नसतो. पण त्या वेळी मी खुर्ची मागे सरकवली, पडद्याच्या उजेडातून बाहेर. वर कुणी बघत नव्हतं. तरी सरकवली.

पहिल्या विश्रांतीत बेव्ह ट्रुडेल खालून ओरडली. ती अजून माझ्या खोलीच्या बरोबर खालच्या रांगेत बसते, अजून तीच गाईची घंटा आणते. एक्याऐंशी वर्षांची झाली.

‘काय गं हेल्मी! तुझ्या भावाचा उजवा खांदा अजून झोपलाय वाटतं!’

‘खांदा नाही बेव्ह, गुडघे. पहिल्या फटक्याला ताण असतो.’

‘बघा! भावाची बाजू घेते! पगार कोण देतं गं तुला?’

आजूबाजूचे हसले. मीही हसले. त्यानंतर मला फार वेळ हसता आलं नाही, कारण तू खेळायला लागलास.

दुसऱ्या सत्रात एकोणीस फटके. मी कळा दाबत गेले. अडवला, अडवला, अडवला. तुमच्या संघाने बरोबरी केली. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांमधून कुणीतरी एकटा ओरडला, ‘अठ्ठावीस!’ तो तुझे अडवलेले फटके मोजत होता. टिंगल होती ती. बाळाने घास खाल्ला की मोजतात तशी. पुढच्याला दहा-बाराजण झाले. ‘एकोणतीस!’ हसत होते. तेहतीसला सगळी बाजू मोजत होती, अजून हसत. छत्तीसला कुणी हसत नव्हतं. तो बदल नेमका कोणत्या आकड्याला झाला हे शोधायला मी ध्वनिफीत तीनदा ऐकली आहे. सापडत नाही. चौतीस आणि छत्तीसच्या मध्ये कुठेतरी त्यांचा आवाज खाली उतरला, जड झाला, आणि मग समोरची बाजूही मोजायला लागली. म्हाताऱ्या, शाळेतली पोरं, पोलीस, कॉफीवाली. ते आपल्याच संघाच्या विरुद्ध मोजत होते, नीलो. प्रत्येक आकडा म्हणजे त्यांचा न झालेला एक गोल होता आणि तो ते देवळात म्हणावा तसा एका सुरात म्हणत होते. मी तसं काही पाहिलं नव्हतं. पुन्हा पाहीन असंही वाटत नाही.

मग तो फटका. आपला कप्तान गोलापासून दोन फुटांवर, तू खाली पडलेला, जाळं उघडं. चकती आडव्या दांड्यावरून पलीकडे गेली. मी ‘बाहेर’ अशी कळ दाबली.

‘त्रेचाळीस!’

माझ्याकडे बेचाळीस होते.

मी मनात म्हटलं, चुकले. भावनेच्या भरात चुकले. सामना संपला, तुम्ही २-१ जिंकलात, आणि मी बसून तो तुकडा एकेक चित्र पुढे ढकलत पाहिला. दोन्ही कॅमेऱ्यांत तुझा हात चकतीला लागलेला दिसत नाही. कुठेच नाही. पण तुझ्या हातापर्यंत चकती सपाट फिरत येते आणि हातापुढे डुगडुगत जाते. बोटाचं टोक लागलं होतं. ते बरोबर होते. मला हे मान्य करायला चाळीस मिनिटं लागली. मग नोंद बदलली.

टाळ्या झाल्या नाहीत, ते तुला माहीत आहे. हरल्यावर आपलं गाव टाळ्या वाजवत नाही. पण तू बोगद्यात दिसेनासा होईपर्यंत एकही माणूस जागचा हललेला नव्हता, हे बहुधा माहीत नसेल. तू मागे वळून बघितलं नाहीस.

जाताना बेव्हने माझ्या खोलीच्या शिडीखाली उभं राहून मला हाक मारली. घंटा तिने रुमालात गुंडाळली होती.

‘सत्तावन्न वर्षं येतेय मी इथे,’ ती म्हणाली. ‘सोडून जाणारे पाहिलेत. ते परत येतात तेव्हा अशी नाही खेळत गं पोरं. ती वर बघतात, हातवारे करतात. हा घरी आल्यासारखा खेळला. हा गेलेला नाही. याला कुणीतरी घालवलंय. कोणी घालवला गं?’

‘माहीत नाही, बेव्ह.’

ते खोटं होतं. आता क्रमाने लिहिते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, सगळं नाही.

तू सोळा वर्षांचा असताना कोच ड्वायर आपल्या स्वयंपाकघरात बसून आईच्या वेलदोड्याच्या पावाचे चार तुकडे खाऊन गेले आणि तू त्यांना शब्द दिलास. तोंडी शब्द. सहीचा कागद दोन वर्षांनी येतो आणि तोवर दोन्ही बाजू मोकळ्या असतात. पण गावाने ‘मोकळ्या’ हे कधी ऐकलंच नाही. बेकरीत तुझा फोटो लागला. अठराव्या वर्षी कोचनी तुला फोन करून सांगितलं की जागा नाही. तू त्यांच्याबद्दल एक वाईट शब्द न काढता, सगळी मुलं लिहितात तसं चार ओळींचं निवेदन टाकलंस. ‘खूप विचार करून मी माझा निर्णय बदलला आहे.’ आणि बेल्डनला गेलास. नकार मिळाला असं कुणी लिहीत नाही, कारण मग दुसरं कॉलेज विचारत नाही. कॉलेजही बोलत नाही. गावाने निवेदन वाचलं आणि फोटो काढला. बाबांनीही निवेदनच वाचलं.

कोचनी तो फोन करण्याआधी एक अहवाल मागवला होता. तो मी लिहिला.

त्यांनी मला विचारलं होतं, ‘भाऊ आहे तुझा. दुसऱ्या कुणाला देऊ का?’ मी म्हटलं, ‘गरज नाही.’ आयोवातल्या ज्युनियर संघात असताना दोन हंगामांत तुझ्यावर झालेले अठ्ठावन्न गोल मी तपासले. शेवटच्या अकरा आठवड्यांतल्या सव्वीस गोलांपैकी सतरा उजव्या खांद्यावरून गेले होते. तू गुडघे सरासरी पाव सेकंद लवकर टेकत होतास. मी लिहिलं: घसरण कायमची दिसते. शिफारस: नको.

ते अकरा आठवडे तू खुब्यातली कूर्चा फाटलेली असताना खेळत होतास आणि हे मला माहीत होतं. आयोवातल्या त्या पार्किंगमध्ये तू गाडीला टेकून मला सांगितलं होतंस. ‘हेल्मी, कुणाला बोलायचं नाही. लंगड्या गोलकीपरला कुणी घेत नाही.’ म्हणून तू लवकर टेकत होतास. उभं राहून ढकलायला पायात जोर नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं. कोचच्या खोलीत जाऊन म्हणायचं होतं, ते अकरा आठवडे धरू नका. किंवा तुला फोन करून विचारायचं होतं, आता सांगू का. मी दोन्ही केलं नाही. माझा नियम होता, जे व्हिडिओत नाही ते अहवालात नाही. त्या नियमाचा मला अभिमान होता. बहीण म्हणून जे कळलं ते वापरलं नाही, म्हणजे मी निःपक्षपाती आहे, असं मला वाटलं.

पुढे बेल्डनच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांत तुझ्या खुब्यातला दोष शोधून दुरुस्त केला. त्यांना फक्त तू चालताना दिसला होतास.

आणखी एक आहे. ते लिहायला सकाळपासून बसले आहे.

या गावात मी लहानपणापासून ‘नीलोची बहीण’ होते. दुकानात, चर्चमध्ये, सौनाच्या वाफघराबाहेरच्या बाकावर. त्या छताखालच्या खोलीत पहिल्यांदा मला लोकांनी माझ्या नावाने हाक मारली. मी अहवाल लिहीत होते तेव्हा मला माहीत होतं की तू आलास की ते पुन्हा सुरू होईल. यामुळे मी ‘नको’ लिहिलं असं मी म्हणत नाही. यामुळे लिहिलं नाही असंही म्हणू शकत नाही. किती भाग त्याचा होता, हे मी दोन वर्षं मोजायचा प्रयत्न करते आहे. तो आकडा माझ्याकडे नाही.

गेल्या रविवारी बाबांना सांगितलं. ते गॅरेजमध्ये गाडीच्या पात्याला वंगण लावत होते.

‘किती पानं होती?’ त्यांनी विचारलं.

‘तीन.’

‘आणि मी पाठ फिरवून उभा राहिलो,’ ते म्हणाले. ‘बाराव्या रांगेत. शेजारचा वळला म्हणून वळलो.’ मग बराच वेळ वंगण. मी निघाले तर म्हणाले, ‘थांब. त्याला सांगणार आहेस ना?’

‘आज फोन करते.’

‘फोन नको. फोनवर तो हसेल आणि म्हणेल, जाऊ दे गं. आणि तू सुटशील. त्याला वाचू दे. चिडायचं असेल तर नीट चिडू दे पोराला.’

म्हणून हे पत्र.

काल कोचना सांगितलं. खुबा, पार्किंग, सगळं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

‘तो हो म्हणायच्या बेतात आहे, हेल्मी. रविवारी. चार दिवस थांबायला काय झालं होतं तुला?’

‘तो हो म्हणेल म्हणूनच.’

‘आणि हे वाचून नाही म्हणाला तर? माझ्याकडे दुसरा गोलकीपर नाही.’

‘मग माहीत असून नाही म्हणेल.’

‘तू अहवालही पाठवणार आहेस.’ मी तसं म्हटलं नव्हतं. ते मला ओळखतात. ‘तो कागद या इमारतीबाहेर गेला तर मला तुला ठेवता येणार नाही. कळतंय?’

‘कळतंय.’

त्यांनी खिडकीतून रिकाम्या बर्फाकडे बघितलं. ‘तेव्हा मीही एक फोन करायला हवा होता,’ ते म्हणाले. ‘त्याला विचारायला हवं होतं, पोरा, काय झालंय. कागद चांगला होता म्हणून नाही केला.’ मग टोपी घातली आणि सरावाला गेले. कुणालाही कामावरून काढायचं असेल तर ते आठवड्याच्या शेवटी काढतात.

आता मत.

या हंगामातले तुझे सगळे सामने मी पाहिले आहेत. कोचनी सांगितलं नव्हतं, माझे मी पाहिले. तू आता गुडघे शेवटच्या क्षणापर्यंत टेकत नाहीस. हे मी मोजलं आहे, पण मोजलं नसतं तरी चाललं असतं, त्या चार हजारांना मोजल्याशिवाय कळलं. तू इथे आलास तर गेल्या तीस वर्षांत या गावाला मिळाला नाही असा गोलकीपर मिळेल. नाही आलास तर तो दुसऱ्या गावाला मिळेल. विश्लेषक म्हणून एवढंच.

बहीण म्हणून ‘ये’ म्हणायचा हक्क मला नाही आणि ‘नको’ तर मी एकदा म्हणून बसले आहे. फक्त इतकं, की गावाला काही सिद्ध करून दाखवायला येऊ नकोस. ते काम २१ फेब्रुवारीला झालं. आणि माझी नोकरी राहील की जाईल हे मध्ये धरू नकोस. ती माझी बाब आहे.

हे आज दुपारच्या टपालाने गेलं तर शुक्रवारी मिळेल. शनिवार तुझा. रविवारी कोचना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

आईला अजून माहीत नाही. तू येणार असं धरून तिने तुझ्या खोलीतलं शिवणयंत्र माझ्या खोलीत आणून ठेवलं आहे आणि पडदे धुतले आहेत. आज जेवण झालं की मी तिला सगळं सांगणार आहे. म्हणजे रविवारी तू काहीही ठरवलंस तरी ती तुला ‘का’ विचारणार नाही. मला विचारेल.

तुझी बहीण,
हेल्मी

सोबत: अहवाल, तीन पानं. तिसऱ्या पानावर सही आहे, ती माझी.